राखेखालचा विस्तव

बसा. भिंतीला पाठ टेकवून जमिनीवरच बसा. आज ज्याच्याजवळ बसायचं आहे तो जमिनीवर आहे, आणि वरून कुणी वाकलं की त्याला ती घारीची सावली वाटते.

आषाढाची रात्र आहे. तुमसरच्या भोवतीच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू आहे आणि चिखलाचा वास सपरीपर्यंत आला आहे. दुपारी विजा कडाडल्या. तेव्हापासून घरातला पांढरा ससा कोपऱ्यात अंग आखडून बसला आहे. एरवी पिशवी वाजली तरी धावत येणारा. संध्याकाळी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी पुढे धरली, तर त्याने ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

आपलं मनन त्या फिरवलेल्या तोंडापासून सुरू होतं.

अजून काही करू नका. नुसतं पाहा. त्याच्या कुशीकडे पाहा, ती किती भराभर हलते आहे. स्वस्थ बसलेला ससा मिनिटाला तीस ते साठ वेळा श्वास घेतो. तुमचा श्वास बारा ते वीसच्या आसपास असेल. त्याची लय आणि तुमची लय वेगळी आहे. ती जुळवायला जाऊ नका. दोन वेगळ्या लयींचे जीव एका खोलीत आहेत, एवढं मनात नीट बसू द्या.

आता त्याचे डोळे पाहा. अर्धवट मिटलेले. कान किंचित मागे. तो कण्हत नाही, ओरडत नाही. ज्याची शिकार होते त्या प्राण्याला दुखणं उघड करणं परवडत नाही. कळपात जो लंगडतो तोच आधी हेरला जातो. म्हणून ससा दुखणं पोटात ठेवतो. तुम्हाला ते दिसलं, याचा अर्थ ते बराच वेळ चाललेलं आहे. पिंजऱ्यातला कागद पाहा. लेंड्या कमी आहेत का? बारीक झाल्या आहेत का? की सकाळपासून एकही नाही? बारा तास तोंडात काही गेलं नसेल, तर ससा संकटात आहे असंच समजायचं. उद्या पाहू, हे शब्द इथे चालत नाहीत.

एक लांब श्वास घ्या. आता त्याच्या पोटात काय चाललं आहे ते डोळ्यांपुढे आणू.

पूर्वी घरोघरी रात्री चूल विझवत नसत. निखारा राखेखाली झाकून ठेवत. सकाळी राख बाजूला सारून वर काटक्या ठेवायच्या आणि फुंकर घालायची, की तोच विस्तव पुन्हा पेटायचा. एखाद्या घरचा विझला, तर शेजारून मागून आणायचा. सशाच्या पोटात असाच एक विस्तव आहे. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. तिथे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. गवताचा जो भाग आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून सशाला ऊर्जा देतात. त्या पिशवीतून काही मऊ, घोसासारख्या लेंड्या बाहेर येतात. ससा त्या थेट तोंडाने उचलून खातो आणि त्यातली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं पुन्हा मिळवतो. आपल्याला किळस वाटेल, पण त्याच्या जगण्यात ते अन्नाचं दुसरं ताट आहे.

या साऱ्या चुलीला सरपण एकच: गवताचा तंतू. तंतू येत राहिला की आतडं हलत राहतं. तो थांबला की आतडं मंदावतं, आतले जीव बिघडतात, वायू साचतो, पोट दुखतं. आणि पोट दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच जावं लागतं, आणि पुढची वाट थांबलेली असते. उपास लांबला तर अंगातली चरबी यकृतावर साचू लागते. आपण दोन दिवस जेवलो नाही तर थकतो. ससा दोन दिवस जेवला नाही तर जाऊ शकतो.

इथे थांबा. तुम्ही जो घास आता द्यायचा विचार करता आहात, तो नुसता सशासाठी नाही, त्या न दिसणाऱ्या वस्तीसाठीही आहे. तिला तो वेळेत पोहोचवायचा आहे.

पण उठण्याआधी दोन गोष्टी हाताने जाणून घ्या.

त्याच्या कानांना बोट लावा. थंडगार आहेत का? निरोगी सशाच्या अंगाचं तापमान साधारण साडेअडतीस ते चाळीस अंश असतं. अंग गार पडलं असेल तर आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा, नको वाटली तर सरकता येईल इतकी जागा सोडून. गार पडलेल्या जिवाच्या तोंडात घास घालू नये. मग पोटाला हलकेच हात लावा. ते डमरूसारखं ताणलेलं असेल, तर वाट बंद झालेली असू शकते. अशा वेळी भरवणं घातक ठरतं. सिरिंज खाली ठेवून पशुवैद्यांना फोन करायचा. पोट तसं नसलं तरी फोन आधीच करायचा, कारण दुखणं कशाचं हे आपल्याला माहीत नसतं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दाढेचं टोक जिभेत किंवा गालात रुतत असेल, तर कितीही भरवा, मूळ तिथेच राहणार.

तुमसर हे धानाचं गाव आहे. इथल्या जनावरांच्या विचारात आधी बैल, गाय, म्हैस, शेळी येते, आणि ते स्वाभाविक आहे. सशासाठी कधी नागपूरची वाट धरावी लागते. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि आज ते २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. वाट लांब असेल तर वजन सांगता येणं फार मोलाचं. किराण्याच्या तराजूवर टोपलीसकट तोला आणि टोपलीचं वजन वजा करा. वेदना कमी करणारं औषध वजनावर ठरतं. घरातली माणसांची गोळी मोडून देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं आपल्याला रोजचं वाटणारं औषध सशाला तोंडाने दिलं, तर ती सगळी सूक्ष्म वस्तीच उद्ध्वस्त होऊ शकते.

वैद्यांनी भरवायला सांगितलं आहे असं धरू. आता स्वयंपाकघरात चला. सावकाश.

आजारी सशासाठी गवताची तयार भुकटी मिळते. अमेरिकेतल्या नेब्रास्कातल्या ऑक्सबोची 'क्रिटिकल केअर' त्यात सर्वांत ओळखीची. टिमथी नावाचं गवत दळून ती केलेली असते. मोठ्या गावांतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत किंवा वैद्यांकडे ती मिळू शकते. घरी ससा असेल तर पावसाळ्याआधीच एक पाकीट आणून ठेवावं. रात्री दहाला कोणतंच दुकान उघडं नसतं. भुकटी नसेल, तर सशाचं रोजचं गवताच्या गोळ्यांचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, बारीक वाटून, आंबिलीसारखं पातळ करता येतं. दूध नको. भाताची पेज नको. केळं कुस्करून नको, साखर नको. आजारी माणसाला आपण जे मायेने देतो, त्यातलं बरंचसं त्याच्या चुलीत धूर करतं. माया तीच ठेवायची, घास मात्र त्याच्या पोटाला ओळखीचा द्यायचा.

मराठीत घास हा शब्द किती साधा आणि किती मोठा आहे. आई भरवते तो घास, आणि कितीतरी गावांत गुरांपुढे टाकतात तोही घास, लसूणघास त्यातलाच. आज हे दोन्ही अर्थ तुमच्या वाटीत एक झाले आहेत. वाटी हातात धरून हे क्षणभर मनात घोळू द्या.

प्रमाण वैद्य सांगतील. अंदाज म्हणून इतकं लक्षात ठेवा: एक किलो वजनाला दिवसभरात साधारण पन्नास मिलिलिटर मिश्रण, चार ते सहा वेळांत विभागून. दीड किलोचा ससा असेल तर दिवसाचे पंचाहत्तर, पाच वेळा केले तर एका वेळी पंधरा. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाका. गार नाही, गरम नाही, असं वाटलं की झालं.

परत खाली बसा. ससा मांडीवर उताणा घेऊ नका. चारही पाय टेकलेले असू द्या. जुना मऊ पंचा त्याच्याभोवती गुंडाळा, घट्ट नाही, पण पाय झाडता येणार नाहीत इतपत. घाबरून मागचे पाय झाडले तर त्याचा नाजूक कणा मोडू शकतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथून, बाजूने, आत सरकवा. अर्धा मिलिलिटर. थोडंच.

आणि आता थांबा.

जबडा पाहा. काही क्षण काहीच होणार नाही. मग खालचा जबडा आडवा सरकेल, पुन्हा सरकेल. तो चावतो आहे. गिळलं की नाक हलेल. तेवढ्यात पुढचा घास देऊ नका. तोंड रिकामं झालं की पुढचा अर्धा मिलिलिटर, आणि पुन्हा थांबणं.

हे थांबणं मी उशिरा शिकलो. पहिल्या वेळी मला वाटलं, पंधरा मिलिलिटर म्हणजे पंधरा मिलिलिटर, लवकर संपवू म्हणजे त्याचा त्रास लवकर संपेल. मी दांडा दाबत गेलो, आणि हिरवट लगदा त्याच्या नाकाशी आला. तो शिंकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. अन्न श्वासनलिकेत गेलं असतं तर फुप्फुस सुजून त्याचा जीव गेला असता. त्या दिवशी मला कळलं की घास देणं माझ्या हातात आहे आणि गिळणं त्याच्या. या दोहोंच्या मधली जागा माझी नाही.

ती जागा आत्ता अनुभवा. सिरिंज हातात, बोट दांड्यावर, पण दाब नाही. कुणासाठी तरी इतकं स्थिर राहणं रोज जमत नाही. पाऊस कवेलूंवर वाजतो आहे. तिरोडीच्या फाट्यावरून मँगनीजची गाडी जात असेल. तुमचं काम फक्त एका जबड्याकडे पाहण्याचं आहे.

घरात गिनी पिग असेल तर पद्धत हीच, पण एक भर आहे. त्याला 'क' जीवनसत्त्व रोज बाहेरून लागतं, आजारात तर जास्तच. ससा ते आपल्या शरीरात तयार करतो. गिनी पिग करू शकत नाही, आणि आपणही करू शकत नाही. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या त्या छोट्या जिवाशी आपलं नातं आहे ते या उणिवेचं. त्याला पेरूची फोड देताना हे आठवलं तर हात आणखी हळुवार होतो.

मन आता थोडं बाहेर, बांधीच्या धुऱ्यावर न्या. तिथेही एक ससा आहे, आपला रानससा. पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन येतात. रोवणीच्या दिवसांत असं पिल्लू गवतात एकटं दिसलं, की पोरकं म्हणून ते उचलून आणलं जातं. बहुतेक वेळा ते पोरकं नसतं. आई मुद्दाम दूर राहते, आणि अंधारात थोडा वेळ येऊन पाजून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो जीव राखलेला आहे, घरी ठेवता येत नाही. जखमी असेल तर वनविभागाला कळवायचं. एरवी त्याच्यासाठी करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथून मागे सरणं. घरातल्या सशाला घास देणारा हात आणि धुऱ्यावरच्या पिल्लाला न उचलणारा हात, दोन्ही एकाच काळजीचे.

परत कोपऱ्यात या. रात्र पुढे सरकली आहे. दर काही तासांनी तुम्ही उठलात, पाणी कोमट केलंत, अर्धा अर्धा मिलिलिटर दिलात. दर वेळी वहीत वेळ लिहा, किती गेलं ते लिहा, आणि लेंडी दिसली तर तेही. सकाळी वैद्यांना तेच सांगायचं आहे. हा कागद तुमच्या जागरणाचा हिशेब नाही. त्या आतल्या वस्तीची खुशाली आहे.

कधी कधी सगळं नीट करूनही विस्तव विझतो. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. अखेरच्या रात्री त्याच्या शेजारी कुणीतरी जमिनीवर बसलं होतं, हे खरं आहे आणि ते पुरेसं आहे.

पण आज पहाट झाली आहे. कागदावर एक लेंडी आहे. लहान, कोरडी, पण लेंडी. तिच्याकडे बघा, लाज वाटू देऊ नका. रात्रभर जागलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर काही दिसत नाही.

अंगणातून हरळी आणा, जिथे फवारणी झाली नाही अशा जागेची. ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो त्याच या. पाण्याने धुऊन झटका. जुडी त्याच्यापुढे ठेवा. तोंडाला लावू नका. दोन हात मागे सरका.

त्याचं नाक हललं. मान पुढे आली. एक पातं दातांत गेलं, आणि तो ते स्वतः ओढतो आहे.

सिरिंज खाली ठेवा. आता हात मांडीवर घ्या आणि ते पातं संपेपर्यंत बसून राहा.