रेशनचं धान्य भीक आहे काय?

हा प्रश्न नेहमी दुसरेच विचारतात. ज्यांचं पोट भरलेलं आहे ते विचारतात. एसटीत, बँकेच्या रांगेत, पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत. फुकटचं खाऊन हे लोक माजले, आता शेतावर मजूर मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना उत्तर द्यायला मी हे लिहीत नाही. उत्तर आपलं आपल्याला द्यायचं आहे. कारण ही शंका आता आपल्याही माणसांच्या मनात शिरली आहे. पिशवी घेऊन रांगेत उभं राहताना मान खाली जाते. ती का जाते, आणि जायला पाहिजे का, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी भीक म्हणजे काय ते बघू. हे आपल्या जातीला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. गावकीची सगळी कामं महाराने करायची. सांगावा पोचवायचा, सरणाची लाकडं वाहायची, मेलेलं ढोर ओढायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं. त्याचा पगार नाही. सुगीला खळ्यावरचं बलुतं, आणि रोज संध्याकाळी दारोदार फिरून आणलेली शिळी भाकर. माझी आजी नाशिककडच्या एका गावची. पोरवयात ती आपल्या आईबरोबर भाकर मागायला गेलेली आहे. ती सांगते, ओट्यावर चढायचं नाही, टोपलं खाली धरायचं, भाकर वरून पडायची. ज्या घरचं काम जास्त केलं त्या घरून जास्त भाकर मिळेल असं काही नव्हतं. घरधनीण त्या दिवशी कुठल्या रागात आहे त्यावर सगळं.

हे नीट ध्यानात घ्या मित्रांनो. ती भाकर खरं तर मजुरी होती. काम केलं होतं, घाम गाळला होता. पण द्यायची रीत भिकेची होती. म्हणून कामाची भाकरसुद्धा भीक झाली. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेलं मांस आणि उष्टे तुकडे सोडा म्हणून सांगितलं, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं, ते याचसाठी. भाकरीचा त्यांना तिटकारा नव्हता. भाकर ज्या रीतीने हातात पडत होती तिचा होता. ती वतनं कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडलं.

यावरून मला भिकेच्या तीन खुणा सापडतात. एक, देणाऱ्याची मर्जी चालते. दोन, घेणाऱ्याला हिशोब विचारता येत नाही. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, ते अन्न खाल्ल्यावर माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. उद्या ढोर ओढायला बोलावलं तर जावंच लागतं. आता या तीन खुणा रेशनला लावून बघू.

मुंबईत रेशन आलं १९४३ साली, लढाईच्या दिवसांत. बंगालात त्याच साली लाखो माणसं भुकेने मेली. रेशनच्या रांगेत गिरणीवाला उभा होता, कारकून उभा होता, दुकानदार उभा होता. साखर, रॉकेल, गहू सगळ्यांनाच कार्डावर. पुढंही कित्येक वर्षं पांढरपेशाच्या घरात रेशनकार्ड कपाटात जपून ठेवलं जाई. तेव्हा रेशनला भीक म्हटलेलं कोणी ऐकलंय? १९७२ साली मृणाल गोरे आणि इतर बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांना भिकारणी म्हणायची कोणाची छाती नव्हती. मग १९९७ साली सरकारने गरीब वेगळे काढले. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं झाली. धान्य तेच, गोणी तीच, दुकानदार तोच. पण सगळ्यांची होती ती गोष्ट फक्त गरिबाची झाली, आणि त्याच दिवसापासून तिला वास यायला लागला. म्हणजे वास धान्याला नव्हता. पाणवठा सगळ्यांचा असला की पाणी पवित्र, आणि फक्त आपला असला की बाटलेला, हे गणित आपल्याला नवीन नाही.

आता मर्जीचं बघू. २००१ साली अन्नाच्या हक्काचा दावा सुप्रीम कोर्टात गेला. त्याच वर्षाच्या २८ नोव्हेंबरला कोर्टाने हुकूम केला की या योजना म्हणजे सरकारची मेहेरबानी नाही, लोकांचा कायदेशीर हक्क आहे. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडील बाईचं नाव. धान्य दिलं नाही तर सरकारने त्याबदली भत्ता द्यायचा, हेही कायद्यातच आहे. बलुत्याच्या भाकरीत असं काही होतं काय? न दिलेल्या भाकरीची भरपाई कोणा पाटलाने दिली? कायद्यापुरतं बोलायचं तर पहिल्या दोन खुणा इथं लागू पडत नाहीत.

आळसाचं बोलणं दोन ओळींत संपवतो. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. दगड फोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या माणसाचं एका वेळचंही नीट भागत नाही. एवढ्यावर कोण माजणार? उलट २०१९ साली कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. एका वर्षात १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं, हा सरकारचाच आकडा. कापडधंद्याला विजेच्या दरात सवलत मिळते. त्याला कोणी फुकट म्हणत नाही. त्याला प्रोत्साहन म्हणतात. मालकाला दिलं की त्याचा उत्साह वाढतो आणि मजुराला दिलं की आळस वाढतो, हे कुठलं शास्त्र?

तिसरी खूण मात्र सावकाश बघायला पाहिजे.

मी बोईसरकडे कापडगिरणीत कामाला आहे. आमच्या खात्यात जामसरकडचा एक गडी आहे, वारली. जामसर म्हणजे जव्हार तालुका. डोंगरउतारावर नागली, वरई, खाचरात थोडा भात. दिवाळी झाली की माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. होळीला जमलं तर गावी येतात, पाऊस लागताना परततात. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असते. रात्रीच्या पाळीत मी त्याला हाच प्रश्न विचारला, की तुला रेशन घ्यायला लाज वाटते का. तो म्हणाला, "लाज कसली? घरात तांदूळ असला तर बयाणा कमी घ्यावा लागतो."

या एका वाक्यात जे आहे ते मला मोठाल्या पुस्तकांत मिळालं नाही. बयाणा म्हणजे भट्टीवाल्याने पावसाळ्यात आगाऊ दिलेले पैसे. भुकेच्या दिवसांत घ्यायचे आणि हंगामभर अंगमेहनतीने फेडायचे. एकदा घेतले की मजुरी किती, सुट्टी केव्हा, पोरगं आजारी पडलं तर जायचं की नाही, सगळं शेठ ठरवणार. याच्या आधी हेच काम सावकाराची खावटी करत होती. पावसाळ्यात भात द्यायचा आणि सुगीला दीडपट-दुपटीने वसूल करायचा. लग्नासाठी कर्ज काढून माणूस आयुष्यभर लग्नगडी व्हायचा, त्याची बायकोही राबायची. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर उठाव केला तो या वेठीविरुद्ध. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला. पण कायद्याने बेडी तुटते, भूक तुटत नाही. भूक असली की माणूस स्वतः चालत जाऊन बेडी मागून घेतो.

म्हणजे घरातलं दहा-वीस किलो धान्य हे नुसतं अन्न नाही. ती शेठला 'नाही' म्हणायची ताकद आहे. थोडीच आहे, पण आहे. गावकीच्या भाकरीने आपल्याला बांधून ठेवलं, रेशनचा तांदूळ गडी थोडा मोकळा करतो. मजूर मिळत नाही म्हणून जे ओरडतात त्यांचं खरं दुखणं हेच आहे. मजूर आळशी झाला म्हणून त्यांना दुखत नाही. पडेल त्या भावात तो आता येत नाही, म्हणून दुखतं.

पण आपण इथंच थांबलो तर स्वतःलाच फसवू. हक्काची वस्तू भिकेच्या रीतीने देता येते, हे आजीच्या भाकरीने आपल्याला शिकवलंय. आजही ते चालू आहे. दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. विटा उचलून ज्याच्या बोटावरच्या रेषा झिजल्या त्याचा अंगठा मशीन ओळखत नाही. ज्या कामाने देश बांधला त्याच कामाने त्याची ओळख पुसली. डोंगरात रेंज नसली की दिवसाची मजुरी बुडवून परत यायचं. गेल्या वर्षी एका गावच्या दुकानात एक म्हातारी तिसऱ्यांदा परत जाताना मी बघितली. ती दुकानदाराला "मायबाप" म्हणत होती. कायदा २०१३ चा आणि भाषा बलुत्याची! यादी अजून २०११ च्या जनगणनेच्या कोट्याची. त्यानंतर जन्मलेली कितीतरी पोरं कार्डाबाहेर. झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधार जोडलेलं नाही म्हणून घरचं कार्ड रद्द झालं होतं. आई म्हणाली भुकेने मेली, सरकार म्हणालं तापाने. भुकेल्या पोराला शेवटी कुठला ना कुठला ताप येतोच. आपल्याकडे जव्हारच्या वावर-वांगणीला १९९२ साली पोरं मेली तेव्हाही कारणांचीच चर्चा झाली.

आणि फोटो. २०२२ च्या दिवाळीला महाराष्ट्रात शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल मिळालं. अंत्योदयाच्या बायांना वर्षाला एक साडी मिळाली. पिशव्यांवर पुढाऱ्यांचे चेहरे छापून आले. लोकांच्या पैशाचं धान्य, आणि त्यावर देणाऱ्याचं तोंड! इथं पहिली खूण मागच्या दाराने परत येते. जव्हारच्या आदिवासी बायांनी हे बरोबर ओळखलं. २०२४ च्या एप्रिलात, लोकसभेच्या निवडणुकीआधी, त्यांनी शेकडो साड्या आणि पिशव्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. आम्हाला काम द्या, चांगल्या शाळा द्या, म्हणाल्या. मात्र रेशनचं धान्य त्यांनी परत केलं नाही. हक्क कुठला आणि भीक कुठली हा निवाडा त्यांनी कुठल्याही विद्वानाला न विचारता केला. मला या लेखात जे म्हणायचं आहे ते त्या बाया आधीच करून मोकळ्या झाल्या.

अजून एक गोष्ट उरते. खाणाऱ्याला निवड आहे काय? १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आपल्या लोकांनी खाल्ली. तिथं जास्त पिकलं म्हणून इथं आलं. खुद्द अमेरिकेत १९३९ साली गरिबांना अन्नाचे शिक्के दिले तेव्हा नारिंगी शिक्के पैसे देऊन घ्यायचे, त्याबरोबर निळे शिक्के फुकट, आणि निळ्यावर फक्त शिल्लक पडलेला माल. आज तिथं कार्ड आहे. दुकानात जाऊन भाजी, दूध, मांस काय पाहिजे ते घेता येतं, पण शिजलेलं गरम अन्न बहुतेक ठिकाणी घेता येत नाही. जामसरकडचा माणूस नागलीची भाकर, अंबील खाऊन वाढलेला. त्याला गहू देतात. त्याच्याच डोंगरावरच्या नागलीला भाव नाही. मग घरची बाई दोन किलो गहू देऊन तेल-मिरची आणते. कायद्याच्या डोळ्याने हा गुन्हा. पण पोराच्या तोंडाला चव यावी म्हणून गहू बदलणारी बाई आणि रात्री टेम्पो भरून गोण्या पळवणारा माणूस, दोघांना एकच शब्द लावणारा न्याय मी मानत नाही.

काही म्हणतात, मग रोख पैसे द्या, निवड आपोआप मिळेल. २०२३ पासून मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायचं ठरलं. पाच किलोला १५० म्हणजे किलोला ३०. बाजार वर चढला की तो रुपया वितळतो, किलो मात्र किलोच राहतो. ज्या गावात बाजार आठवड्यातून एकदा आणि दहा मैलांवर, तिथं नोट शिजवून खाता येत नाही. निवड पाहिजेच. पण ती दुकानात नागली, डाळ, तेल ठेवून द्या. धान्य काढून घेऊन नको.

शेवटी आजीचं. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झालं. त्याआधी आजी कनवटीची नाणी मोजून काउंटरवर ठेवायची आणि मान वर करून गोणीकडे बघायची. आता म्हणते, "पैसं घेत न्हाईत, तर माप कमी पडलं म्हून भांडू कशी?" तिचं भय खरं आहे. तिने फुकटची भाकर बघितलेली आहे. मी तिला एवढंच सांगतो, आजी, तुझ्या साबणावर कर आहे, तेलावर आहे, चहाच्या पुडीवर आहे. आयुष्यभर तू भरलास. नाणं काउंटरवर दिसत नाही एवढंच. भांडायचा हक्क नाण्याने येत नाही, माणूस असल्याने येतो.

म्हणून माझं म्हणणं असं. रेशन भीक नाही, पण आपण गप्प राहिलो तर तिची भीक व्हायला वेळ लागणार नाही. माप डोळ्यांसमोर करून घ्या. पावती मागा. भावफलक वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. गावची दक्षता समिती कागदावर आहे की बसते ते विचारा. अंगठा लागला नाही तर परत जाऊ नका, लेखी द्या म्हणा. "मायबाप" हा शब्द त्या दुकानात पुन्हा कोणाच्या तोंडून निघू देऊ नका. आणि पोटात धान्य पडल्यावर जी थोडी ताकद येते ती जमीन, काम आणि पुरी मजुरी मागायला वापरा. ती मागितली नाही तर १६६ ग्रॅमवरच आपल्याला ठेवतील.