गुण्यातला उजेड

बिंदुसरा धरणाजवळच्या पालीत एका ओसरीवर नात-आजोबांची जुंपली होती. नात बीडला तंत्रनिकेतनात, मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला. हातात फिटिंगचा जॉब, कानशीनं घासलेला लोखंडी तुकडा. आबांची हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. त्यांनी तुकड्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उन्हाकडं धरला. केसाएवढी फट चमकली.

"उजेड यायलाय."

"कोण बघायलंय आबा? सर सही करतेत. मला पाणबुडीची अणुभट्टी डिझाइन करायचीय, कानस नाही मारायची."

"बरं. पाणबुडी चालती कशी, ते तर सांग."

नात खुलली. आपली अणुपाणबुडी 'अरिहंत' 2009 साली विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिची 83 मेगावॅटची भट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राची. तसलीच एक आधी कल्पाक्कमला जमिनीवर चालवून पाहिलेली. युरेनियमनं पाणी तापतं, पण दाबामुळं उकळत नाही. ते दुसऱ्या पाण्याची वाफ करतं. वाफेवर टर्बाइन, त्याला गिअरबॉक्स, पुढं पंखा.

"म्हणजे आमचा कारखानाच की! उसाच्या बगॅसच्या जागी युरेनियम. आमच्या मिलचा गिअर पार फाट्यापर्यंत गुरगुरायचा. तुमचा?"

"छे! पाण्यात आवाज लांब जातो. सोनारनं ऐकला की पाणबुडी सापडलीच."

"मग तिथं गिअरचे दात घासणाऱ्याला कोण बघायलंय?"

नात गप्प. आबाच पुढं बोलले, "ऑफ सीझनला आम्ही दातांना निळं लावून चाक फिरवायचो. डाग नीट उमटला नाही, तर पुन्हा खोल. साहेब तवा घरी झोपलेला असायचा."

ती रात्री पुन्हा घासायला बसली. फट गेली, पण मापही गेलं. कानस असा सूड हमखास उगवते. दुसऱ्या दिवशी तिनं वर्कशॉपमधून नवा तुकडा मागून घेतला.

आबांची तुलना खोटी नाही. अरिहंतचा गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजनं बनवला. याच कंपनीनं साखर कारखान्यांची यंत्रंही बनवली. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर हेही मूळचे मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजचे मेकॅनिकल इंजिनिअर. नातीसारख्या डिप्लोमावाल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पुढं भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलसाठी पदवीला किमान 60 टक्के लागतात, आणि तिथलं शिक्षण एक वर्षाचं असतं.