नारोशंकराची घंटा: प्रतिमा आणि उपयोग

नामपुरावरून वाहणारी मोसम पुढे मालेगावात ज्या भुईकोट किल्ल्यालगत जाते, तो किल्ला नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधला. नाशिकला गोदाकाठी १७४७ मध्ये उभारलेले रामेश्वराचे मंदिर तर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या मंदिराच्या दर्शनी तटावर उंच टांगलेली प्रचंड घंटा मात्र मुळात मंदिरासाठी ओतलेली नव्हे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेव्हा चर्चमधून उतरवलेल्या ज्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या, त्यांत हिची गणना होते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बालयेशूला घेतलेली मरिया आहे.

या घंटांचे दोन अर्थ नेहमी लावले जातात: विजयचिन्ह किंवा सर्वधर्मसमभाव. पहिल्यात निदान प्रामाणिकपणा आहे. दुसरा अर्थ अधिक सोयीचा, म्हणून अधिक संशयास्पद. समभावाला दात्याची संमती लागते आणि लुटीत ती गृहीत धरता येत नाही. शिवाय वसईचा ख्रिस्ती समाज मराठीभाषकच असल्यामुळे ‘परक्यांची घंटा’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो.

प्रतिमा एका परंपरेची आणि उपयोग दुसरीचा, हा पेच युरोपीय कलेलाही परिचित आहे. इटलीत पादुआ येथील संत अँटनीच्या बॅसिलिकेसाठी आंद्रेआ ब्रिओस्को ऊर्फ रिच्चो याने १५०७ ते १५१६ या काळात ब्राँझचा दीपस्तंभ घडवला. त्याचे काम ईस्टरची मेणबत्ती धरण्याचे. परंतु त्यावर ख्रिस्तचरित्रातील प्रसंगांच्या सोबतीला स्फिंक्स आणि सॅटर हे ख्रिस्तपूर्व पुराणातील जीवही वावरतात. तेथे मात्र दोन्ही परंपरांचा मेळ एकाच कलावंताने जाणीवपूर्वक घातला आहे. मेणवलीच्या घंटेत ओतणाऱ्याचा हेतू आणि टांगणाऱ्याचा हेतू यांची भेटच झालेली नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) मांडलेले अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद हे दोन ध्रुव येथे उपयोगी पडतात, पण पुरेसे ठरत नाहीत, कारण येथे लौकिक उपयोगच मुळात धार्मिक आहे.

आणि तो उपयोगही वाटतो तितका समान नाही. चर्चची घंटा माणसांना देवाकडे बोलावते. ती वाजवणारा एक, ऐकणारे गावभर. देवळातली घंटा भक्त स्वतः वाजवतो आणि आपण आल्याची वर्दी देवाला देतो. नाद तोच राहिला, श्रोता बदलला. (नारोशंकराची घंटा तटावर इतक्या उंच आहे की ती अजून गावालाच ऐकवण्यासाठी टांगल्यासारखी दिसते, हा योगायोग लक्षणीय आहे.)

त्या काळी घंटा वितळवून तोफ ओतणे अशक्य नव्हते. या घंटा वाचल्या, कारण त्यांना देवळात काम मिळाले; आणि काम होते म्हणूनच मरियेची आकृतीही टिकली. तथापि एखादी प्रतिमा पुसली न जाणे आणि ती पाहिली जाणे यांत अंतर आहे. दुसऱ्याच्या पूज्य प्रतिमेचे जतन तिच्याकडे लक्ष न देताच होत असेल, तर त्या जतनाचे श्रेय जतन करणाऱ्याच्या नीतीला द्यायचे की काशाच्या टणकपणाला, हा प्रश्न मेणवलीच्या घाटावर आजही टांगलेला आहे.