न्याय्य युद्ध आणि योद्ध्याचे मन

युद्ध न्याय्य केव्हा ठरते? संत थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी घातल्या आहेत: ते राज्यकर्त्याच्या अधिकाराने पुकारलेले असावे, त्याला न्याय्य कारण असावे आणि लढणाऱ्यांचा हेतू शुद्ध असावा. पहिल्या दोन अटींविषयी राजकारणी आणि वर्तमानपत्रे भरपूर बोलतात. तिसरीकडे सहसा कोणी फिरकत नाही, कारण ती तपासायची तर प्रत्येकाला स्वतःच्याच अंतःकरणात डोकावावे लागते.

हे काम इव्हलिन वॉ या इंग्रज कादंबरीकाराने 'सोर्ड ऑफ ऑनर' या कादंबरीत्रयीत केले आहे. वॉ १९३० साली कॅथॉलिक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात अधिकारी म्हणून क्रीट व युगोस्लाव्हियात राहिले. १९५२, १९५५ आणि १९६१ साली निघालेले हे तीन खंड क्राउचबॅक या जुन्या कॅथॉलिक घराण्याची युद्धकाळातील कथा सांगतात. घराण्याला आता उतरती कळा लागली आहे. पिढीजात वाडा मठवासिनींच्या ताब्यात आहे आणि वृद्ध वडील समुद्रकाठच्या एका हॉटेलात राहतात. हयात असलेला एकुलता मुलगा पत्नी सोडून गेल्यापासून इटलीत एकाकी, शुष्क आयुष्य कंठीत आहे. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे त्याचा विवाह अजून अबाधित आहे, म्हणून दुसरा संसारही नाही.

ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांचा करार होतो आणि या माणसाला चक्क आनंद होतो! शत्रू आता उघड समोर उभा आहे. लढावे असे काही अखेर सापडले. धर्मयुद्धाला निघालेल्या एका मध्ययुगीन सरदाराच्या कबरीला वंदन करून तो मायदेशी परततो. कारण न्याय्यच होते, त्यात शंका नाही. पण १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले आणि स्टॅलिन मित्र झाला. १९४३ साली स्टालिनग्राडच्या सन्मानार्थ घडविलेली तलवार लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मांडली गेली, तेव्हा लोक ती पाहायला रांगा लावून उभे राहिले. क्राउचबॅकचे धर्मयुद्ध तिथेच संपले.

पुढचा धडा त्याला वडिलांच्या पत्रातून मिळतो. त्याच वर्षी इटलीने शरणागती पत्करली. पोप महोदयांनी १९२९ साली इटालियन राज्याशी केलेला तह म्हणजे मोठी चूक, असे मुलगा बोलून गेला होता. वडील लिहितात त्याचा आशय असा, की प्रतिष्ठेची हानी कितीही झाली तरी त्यामुळे एक जरी आत्मा तारला गेला असेल, तर हिशेब पुरा झाला; आत्म्यांच्या बाबतीत संख्येची मोजमापे चालत नाहीत.

मग तीच पत्नी परत येते. तिच्या पोटात दुसऱ्याचे मूल आहे, जहाजावर केशकर्तनकाराचे काम केलेल्या एका भुरट्या अधिकाऱ्याचे. (वॉ यांचा उमरावी तोरा इथे मला फार टोचतो. केस कापणे हा काही गुन्हा नव्हे.) क्राउचबॅक सर्व जाणून तिला स्वीकारतो. मित्रमंडळी त्याला वेड्यात काढतात. त्याचे म्हणणे एवढेच, की हे मूल कोणालाच नको आहे आणि ही मदत फक्त आपल्यालाच करता येण्यासारखी आहे. १९४४ मध्ये पत्नी उडत्या बॉम्बला बळी पडते. खेड्यात ठेवलेले तान्हे बाळ वाचते.

तिसऱ्या अटीचा खरा प्रश्न मात्र युगोस्लाव्हियात उभा राहतो. तेथे अडकलेल्या काही ज्यू निर्वासितांना सोडविण्यासाठी क्राउचबॅक धडपडतो. त्यांच्यातील कान्यी नावाची एक बाई त्याला म्हणते, की युद्ध केवळ नाझींनाच हवे होते असे नव्हे. पुष्कळ सज्जनांनाही ते हवे होते. आपल्या आळशी, आत्मकेंद्रित जगण्याची भरपाई रणांगणावर होईल असे त्यांना वाटत होते. त्या सज्जनांपैकी मीही एक होतो, अशी कबुली तो देतो. संपूर्ण कादंबरीत मला हे पापनिवेदन सर्वांत खरे वाटते. ते कोणत्याही धर्मगुरूपुढे झालेले नाही, घर गमावलेल्या एका ज्यू स्त्रीपुढे झाले आहे.

आणि त्याच्या मदतीचे फळ काय? पुष्कळसे निर्वासित इटलीत पोहोचतात. पण तिला वाचायला म्हणून त्याने दिलेली अमेरिकन नियतकालिकेच पुरावा म्हणून पुढे येतात आणि तिला व तिच्या नवऱ्याला लोकन्यायालयापुढे उभे केले जाते. हेतू शुद्ध झाला तेव्हाही परिणाम हाती राहिला नाही.

शेवटी क्राउचबॅक पुन्हा विवाह करतो. पहिल्या आवृत्तीत वॉ यांनी त्याला स्वतःचे मुलगे दिले होते. वाचकांना हा शेवट फारच सुखाचा वाटला, तेव्हा पुढील आवृत्तीत त्यांनी ते मुलगे काढून टाकले. आता त्या जुन्या घराण्याचे नाव आणि जमीन केशकर्तनकाराच्या मुलाकडे जाते.