पारध, डाव आणि वाटा

खेळ हे शिकारीचे संस्कारित रूप होय, हा विचार आता इतका रुळला आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. माणूस आधी सावजामागे धावला; पुढे सावज उरले नाही, धावणे मात्र उरले; आणि त्या धावण्याला रेषा, पंच व गुण लाभून मैदान तयार झाले, अशी ही उपपत्ती. योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळ हा संस्कृतीहूनही जुना मानला आणि त्याला कशाचे तरी अवशिष्ट रूप समजण्यास नकार दिला, ही गोष्ट अशा वेळी सोयीस्करपणे विसरली जाते. या उपपत्तीत एक नैतिक सवलत दडलेली आहे. खेळ ही शिकारच असेल, तर शिकारही खेळच ठरते. आणि खेळात घडणाऱ्या गोष्टींचा जाब सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडवण्यापेक्षा भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या भूमीवर आणून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. (वेल्ह्याचे नाव बदलून राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, येथे जुने नाव ठेवले आहे.) राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या कुशीतल्या या मावळांत भात, नाचणी आणि वरी पिकते. पीक हाती येण्याच्या सुमारास रानडुकरे खाली उतरतात आणि शेतकरी माळ्यावर बसून, डबे वाजवीत राखण करतो. वरच्या दाट रानात सांबर आणि भेकर आहे. याच भागातल्या माध्यमिक शाळांच्या पटांगणावर फक्कीने रेषा आखल्या जातात, आणि रात्री राखणीला बसलेल्या घरातला मुलगा सकाळी कबड्डीच्या चढाईला उभा राहतो. दोन्ही ठिकाणी दम, दबा, घेरणे आणि पकड आहे. शब्दही पुष्कळसे समान आहेत. हाक्याला जातो तो गडी आणि मैदानात उतरतो तोही गडी. साम्याचा मोह पडावा, अशीच ही परिस्थिती आहे.

परंतु नियमांकडे पाहिले की साम्य विरू लागते. खो-खोच्या नियमांना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आकार आला. या खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला उलट वळता येत नाही. दोन खांबांमधली मधली पट्टी त्याला ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या गड्यांमधून वाटेल तसा, वाटेल त्या बाजूला जाऊ शकतो. म्हणजे बंधन बलवानावर आहे आणि मोकळीक ज्याचा पाठलाग होतो त्याला आहे. हाक्यात याच्या नेमके उलट घडते. रान उठवणारे तिन्ही बाजूंनी येतात, सावजाला मोकळी ठेवलेली वाट ही बंदूक किंवा वाघूर जिथे आहे तिथेच जाणारी असते. तेथील सारी बुद्धी पळणाऱ्याची मोकळीक कमी करण्यात खर्च होते.

कबड्डीने तर मृत्यूचाच विचार केला आहे. या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार परंपरेने सांगितले जातात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा उठतो. गामिनीत गेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नाही. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडीतच नाही, गुण तेवढा मोजला जातो. मरणाविषयीच्या तीन भूमिकाच एका खेळाने आखून ठेवल्या आहेत आणि आज सर्वत्र खेळल्या जाणाऱ्या कबड्डीने त्यांतली संजीवनी स्वीकारली आहे. यातला मुद्दा शब्दांच्या गमतीपुरता मर्यादित नाही. खेळातला ‘मेला’ हा शब्द निष्पाप राहतो, कारण पुढच्या वाक्यात ‘उठला’ असे म्हणता येते. शिवाय चढाई करणारा हा एकाच श्वासात पारधी आणि सावज असतो, आणि ती चढाई संपली की भूमिका उलटतात. धरणारा धरला जातो. भूमिकांची ही अदलाबदल हेच खेळाच्या न्यायाचे अधिष्ठान आहे. भेकराला मात्र चढाईची पाळी येत नाही.

ही अदलाबदल आपल्या प्राचीन कथनांना अपरिचित नव्हती. महाभारताच्या आदिपर्वात पांडू मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीवर बाण टाकतो. त्यानंतरचा संवाद भाविकतेने वाचला जातो, वादाच्या अंगाने फारच क्वचित. पांडू आपली बाजू मांडतो: राजे शत्रूंना मारतात तसेच मृगांना मारतात, अगस्त्यानेही मृगया केली होती. आणि किंदम मृगवधाला दोष देतच नाही! त्याचा आक्षेप वेळेला आहे. मैथुनात गुंतलेल्या जिवाला थोडा अवकाश द्यायला हवा होता, एवढेच त्याचे म्हणणे. शापही त्याच मापाचा आहे: पांडूला त्याच अवस्थेत मरण येईल. कबड्डीत जे पाळीने घडते ते येथे शापाने घडवून आणावे लागते. शिकारीत अदलाबदल स्वाभाविक नसल्यामुळेच ती घडवण्यासाठी कथेला मृगाच्या कातड्यात माणूस ठेवावा लागला, असे या कथेचे वाचन करता येईल.

किष्किंधाकांडातला वालीचा प्रसंग याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. आपण दुसऱ्याशी लढत असताना लपून बाण का मारलास, हा वालीचा प्रश्न युद्धनीतीतला आहे. रामाच्या उत्तरात इतर कारणांबरोबर एक कारण मृगयेचे येते: माणसे पशूंना जाळ्यांनी, फाशांनी, आडोशाने मारतात आणि त्यात दोष मानला जात नाही, वाली तर शाखामृग. उत्तराचा धर्मनिर्णय येथे बाजूला ठेवू. त्यातून शिकारीचे स्थान मात्र लख्ख दिसते. जेथे प्रतिस्पर्ध्याला समान मानण्याचे बंधन संपते, तो प्रदेश म्हणजे मृगया. एखाद्याला खेळाच्या किंवा युद्धाच्या नियमांबाहेर काढायचे असेल, तर त्याला आधी मृग म्हणावे लागते. इंग्रजीत ‘गेम’ हा एकच शब्द खेळ आणि सावज या दोहोंसाठी चालतो. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले होते, पण मुंबईच्या गुन्हेगारी बोलीने ‘गेम करणे’ हा प्रयोग खुनासाठी रूढ करून टाकला.

मग शिकारीला खेळ कोणी म्हटले? ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तरफदारी करतो ती व्यायामाच्या भाषेत: शरीर हलके होते, चळते लक्ष्य साधते, प्राण्यांच्या भयाचे आणि क्रोधाचे ज्ञान होते. मनुस्मृतीने मृगयेला कामज व्यसनांत गणले, तरी दरबाराने तिला विनोद मानले. ही दृष्टी पोट भरलेल्याची आहे. मावळातल्या शेतकऱ्याची पारध या अर्थाने कधीच खेळ नव्हती. ती राखणीचा आणि अन्नाचा भाग होती. तिच्या मध्यभागी विजय नव्हता, वाटा होता. सामुदायिक पारधीत मारणाऱ्याला थोडे अधिक मिळे, पण हाकाऱ्यांपैकी कोणीही रित्या हाताने परत जात नसे. मांसाबरोबर मारण्याचे दायित्वही असेच वाटले जाई. संस्कृत कोशांत मृगयेला ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची वृद्धी, असा एक शब्द आहे आणि ‘पारध’शी त्याचे नाते जोडले जाते. ते खरे मानल्यास, वाटा घेणारा प्रत्येक जण त्या वृद्धीचाही भागीदार ठरतो.

आश्चर्य असे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हीच भागीदारी वेगळ्या वाटेने मान्य केली आहे. त्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे आणि हाकणेही येते. नुसता प्रयत्नही येतो. डबा बडवीत रान उठवणारा पोरगा कायद्याच्या दृष्टीने बंदूक धरणाऱ्याइतकाच शिकारी आहे. फरक एवढाच, की गावाच्या व्याख्येत दायित्वाबरोबर वाटा होता. कायद्याच्या व्याख्येत फक्त दायित्व उरले. कलम ११ उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत परवानगीची वाट ठेवते, पण ती वाट अर्जातून जाते, आणि भात तेवढे थांबत नाही. माधव गाडगीळ यांच्यासारख्या पर्यावरणतज्ज्ञाने या अधिनियमाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, तिच्यामागे शेतकऱ्याची हीच कोंडी होती. त्यांचा निष्कर्ष मान्य नसलेल्यांनाही कोंडी नाकारता येत नाही.

बंदीनंतर पारध नाहीशी झाली, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तिचे रूप बदलले. तारेचा फास आणि गावठी बॉम्ब ही तिची नवी साधने. फासात भेकर अडकते तेव्हा शिकारी घरी झोपलेला असतो. तेथे हाका नाही, साक्षीदार नाही, म्हणून वाटाही नाही. जे मिळेल ते गुपचूप विकायचे. बिबट्या अडकला काय किंवा शेजाऱ्याची म्हैस बॉम्बने जखमी झाली काय, फासाला निवड नाही. शिकारीला खेळ म्हणणाऱ्यांनी सावजाला निदान निसटण्याची संधी मोजली होती, हाकाऱ्यांनी एकमेकांना मोजले होते. फासात मोजण्यासारखे काही नाही, वजनाखेरीज.

अशा गावांत मर्यादेची दोन स्थळे अजून शिल्लक आहेत. एक देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या ज्या राखीव रायांचा अभ्यास केला, तशा अनेक रायांत फांदी तोडणे वर्ज्य, काही ठिकाणी शिकारही वर्ज्य. सावज त्या सीमेत शिरले की हाका तेथेच थांबतो. दुसरे स्थळ शाळेचे पटांगण. तेथे घेरला गेलेला चढाईबहाद्दर पालथा पडून, बोटाच्या टोकाने का होईना, मध्यरेषेला शिवला की सुटतो, आणि त्याला धरून ठेवणारे सगळे एकदम बाद होतात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला हा नियम शिकवला जातो, पण तो कशासंबंधी आहे हे कोणी सांगत नाही. आणि देवराईचा नियम ज्यांना ठाऊक आहे ती म्हातारी माणसे शाळेच्या फाटकाच्या आत सहसा येत नाहीत.