अजाची आठ वर्षं

खरडमधल्या अज सरोवराचं नातं लोक रामाच्या आजोबांशी जोडतात. मुलाच्या मोहालीतल्या नोकरीमुळे मी अमरावती सोडून इथे राहायला आले, तेव्हा शेजारीण अभिमानानं म्हणाली, "बहनजी, रामजी के दादाजी का तालाब है." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही वरपक्षाच्या, इंदुमती आमच्याकडची. अजाची ही राणी विदर्भाच्या भोज राजाची बहीण. वर्धेकाठचं कौंडण्यपूर, जे रुक्मिणीचं माहेर, तेच आमच्याकडे इंदुमतीचंही मानतात. तलाव खरंच अजाचा का, हे मी विचारत बसले नाही. शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे माझा अज पुस्तकातला.

वाल्मीकींनी त्याला एका ओळीत उरकलंय. सीतेच्या लग्नात वसिष्ठ जनकाला कुळाची नावं सांगतात, त्यात नाभागाचा अज, अजाचा दशरथ, बस्स. कालिदासानं त्याला रघूचा मुलगा केलं आणि 'रघुवंशा'च्या पाचव्या ते आठव्या सर्गांत हाडामांसाचा माणूस करून उभं केलं. इंदुमतीच्या स्वयंवराहून परतताना नाकारलेले राजे वाट अडवतात. तुंबळ लढाई होते. शेवटी अज गंधर्वानं दिलेलं संमोहनास्त्र सोडतो, सगळं सैन्य झोपी जातं, आणि तो त्यांच्या ध्वजांवर लिहून ठेवतो की तुमचं यश नेलंय, प्राण दयेपोटी ठेवलेत. (थोडा तोरा आहेच. तरणा नवरदेव, चालायचंच.)

असाच मोठ्या घरातला एक तरुण मला नातवामुळे भेटला. नातू चिनी तलवारबाजीच्या मालिका बघतो. जिन योंग यांनी 1961 मध्ये हाँगकाँगच्या वर्तमानपत्रात क्रमशः लिहायला घेतलेल्या कादंबरीवरची एक त्यानं मलाही दाखवली. तिच्यात सोंग छिंगशू नावाचं दुय्यम पात्र आहे. बाप वूदांग पंथाचा थोरला शिष्य, घराणं सज्जनांचं, पुढचा वारस म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. एका मुलीच्या ओढीनं तो घसरतो आणि पकडायला आलेल्या सातव्या काकाचा जीव घेतो. नातू म्हणाला, "आजी, इतक्या चांगल्या घरातला असून?" मला वाटलं, घराण्याचं नाव फार मोठं असलं की मनातलं बोलायला घरात जागा राहत नाही; ते मग चोरवाटेनं बाहेर पडतं.

अजाचं काही चोरून नव्हतं. नारदाच्या वीणेवरची फुलमाळ छातीवर पडून इंदुमती गेली, आणि रघूचा हा मुलगा सगळ्यांदेखत रडला. वसिष्ठ यज्ञाच्या दीक्षेत होते, म्हणून त्यांनी शिष्य पाठवला. ती शापित अप्सरा होती, शाप संपला, आणि मरण हीच देहाची प्रकृती, असा निरोप. अजानं तो मान देऊन ऐकला, शिष्याला परत पाठवलं. दुःख होतं तिथेच राहिलं.

वर्गात मुली विचारायच्या, बाई, गुरूचं पटूनही शोक गेला नाही म्हणजे अज अज्ञानी ठरला का? पाठ्यपुस्तकी उत्तर 'हो' असं आहे. मला ते मान्य नाही. शोक आवरला तरच धर्म पाळता येतो, असं वसिष्ठ धरून चालतात. अज न आवरता पाळतो. दशरथ लहान होता म्हणून त्यानं आठ वर्षं काढली. तिच्या चित्रांकडे बघत, तिच्यासारखं दिसेल ते न्याहाळत, स्वप्नात क्षणभर भेटत. राज्य चालू, मूल वाढतंय, आणि सांत्वन मात्र शून्य. मला हे व्रत प्राण जावे पण वचन न जावे या रघुकुळाच्या गाजलेल्या बाण्याहून अवघड वाटतं. वचन एकदा देऊन पाळता येतं. हे रोज सकाळी नव्यानं.

मुलगा कवच घालण्याजोगा झाल्यावर अजानं त्याला राज्य दिलं, अन्न सोडलं आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. कालिदास त्याला लगेच स्वर्गात तिच्याजवळ नेऊन सोडतो. हा हळवेपणा मला नको होता. ती भेट धरली की आठ वर्षं नुसती वाट पाहणं होऊन जातात.

त्याच्याच हाताखाली वाढलेला दशरथ पुढे रामाच्या वियोगानं गेला. भरत आजोळाहून परतेपर्यंतही त्याला थांबता आलं नाही. राज्य राजाविना आणि प्रेत तेलाच्या द्रोणीत ठेवावं लागलं. पोथ्यापुराणांत रडतो तो दशरथच. मुलगा हाताशी येईपर्यंत थांबलेल्या त्याच्या बापाचं नाव माझ्या शेजारणीलाही तलावामुळेच ठाऊक.