यात्रेचे सामान : हलके ओझे, निश्चिंत मन

॥ श्री ॥



दर्शनाच्या वेळा, निवास, महाप्रसाद यांची व्यवस्था करणे हे विश्वस्त मंडळाचे कर्तव्य आहे. परंतु यात्रा सुखाची होणे अथवा कष्टाची होणे ज्यावर फार अवलंबून असते, अशी एक गोष्ट सर्वस्वी यात्रेकरूच्या हातात राहते. ती म्हणजे त्याने बरोबर घेतलेले सामान. एवढ्या लहान विषयावर प्रवचन कशाला, असे कोणास वाटेल. परंतु पिशवी भरताना माणसाच्या मनात जे चालते, तेच थोड्याफार फरकाने त्याच्या संसारातही चालत असते. म्हणून हा विषय चिंतनास योग्य आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यम सांगितले आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडचा संचय न करणे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही साधकाने अपरिग्रही असावे आणि त्याचा आहार-विहार प्रमाणात असावा, असा उपदेश आहे. हे संन्याशांसाठी आहे, आपल्याला संसार आहे, असे म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. मात्र यात्रेचे चार-आठ दिवस प्रपंची माणसालाही हा अभ्यास करण्यासाठी मिळालेले असतात. घर बरोबर नेता येत नाही, हे तेव्हा आपोआप कळते. तरीही आपण शक्य तितके घर पिशवीत कोंबतो.

इंद्रायणीच्या काठचा धडा

लोणावळ्याच्या परिसरात उगम पावलेली इंद्रायणी आपल्या इंदुरीजवळून वाहत खाली देहूला आणि पुढे आळंदीला जाते. या नदीच्या पाण्यात जगद्गुरू तुकोबारायांच्या चरित्रातील दोन प्रसंग घडले, असे परंपरा सांगते.

तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा संसार उद्ध्वस्त झाला. पुढे वैराग्य दृढ झाल्यावर त्यांनी लोकांकडील येण्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. त्या वेळी धाकटे बंधू कान्होबा यांना आपला वाटा हवा होता. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि केवळ स्वतःच्या वाट्याची खते पाण्यात सोडली. त्याग करावा तो स्वतःच्या वस्तूचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावण्याचा अधिकार वैराग्यालाही नाही. शिवाय त्या एका कृतीने तुकोबांचे मन हलके झाले, तसेच ज्यांच्या नावावर ती खते होती, त्या कुळांच्या डोक्यावरचे ओझेही उतरले. एकाच्या हलके होण्याने अनेकांना हलके वाटावे, असा तो त्याग होता.

दुसरा प्रसंग गाथेचा. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनंतर त्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नदी तीच. कर्जखते गेली ती गेली, गाथा मात्र परत आली. जे खऱ्या अर्थाने आपले असते ते सुटत नाही, आणि जे सुटले तरी अडत नाही ते आपले नसतेच, असा बोध यातून घ्यावा.

आणखी एक गोष्ट या परिसरात राहणाऱ्यांनी विसरू नये. तुकोबा भंडारा डोंगरावर एकांतात चिंतनासाठी बसत, तेव्हा जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढत. उन्हातान्हातून, काट्याकुट्यांतून अनवाणी चालत आलेल्या त्या माऊलीची आठवण ठेवल्याशिवाय भंडाऱ्याचे दर्शन पूर्ण होत नाही. आपण मोकळ्या हातांनी चालत असू, तर आपले ओझे कोणाच्या डोक्यावर आहे, हे मागे वळून पाहिले पाहिजे.

आजच्या यात्रेत हे दृश्य रोज दिसते. कुटुंबप्रमुख पुढे दर्शनाच्या रांगेत उभे असतात आणि मागे घरातील सूनबाई दोन पिशव्या, एक बालक आणि पाण्याची बाटली सांभाळत असतात. दिंडीतील सामानाच्या ट्रकवर चार तरुण पहाटे शेकडो वळकट्या चढवितात आणि सायंकाळी उतरवितात. प्रत्येकाने दोन किलो अधिक आणले, तर शंभर जणांच्या दिंडीत दोनशे किलो होतात आणि ते या चौघांच्या पाठीवरून दिवसातून दोन वेळा जातात. सामान वाढविण्याचा निर्णय एकाचा असतो, श्रम मात्र बहुधा दुसऱ्याचे असतात. या दृष्टीने पाहिले असता हलके सामान ही केवळ सोय नसून परोपकार आहे.

वारीची शिकवण

तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली. देहू ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी आजही पायी चालतात. आषाढाच्या तोंडावर निघणारी ही वाट मावळातल्या पावसात सुरू होते आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात पोहोचते. ऊन-पाऊस दोन्ही सोसणारा जुना वारकरी काय नेत असे? गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ, खांद्यावर पताका अथवा पडशी, अंगावर एक वस्त्र आणि पडशीत एक. स्त्रिया तुळशीवृंदावन डोक्यावर घेत. हेही ओझेच आहे. परंतु ते भक्तीचे असल्यामुळे जड वाटत नाही.

संत गाडगे महाराजांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत ते गावोगावी फिरत राहिले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात मातीचे गाडगे आणि खराटा. त्याच गाडग्यात जेवण आणि त्यातच पाणी. याच सत्पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थक्षेत्री इतरांसाठी धर्मशाळा उभ्या करविल्या. स्वतःच्या निवाऱ्याची चिंता ज्याने केली नाही, त्याने हजारो यात्रेकरूंचा निवारा केला.

सामान भरताना

आता काही व्यवहाराच्या सूचना. त्या पाळण्यास सोप्या आहेत.

१. निघण्याच्या दोन दिवस आधी पिशवी भरावी, ती खांद्यावर घ्यावी आणि अर्धा तास चालून यावे. खांदा जे सांगेल ते ऐकावे. पायी यात्रेत स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक ओझे नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस सहा किलो. ज्येष्ठांनी त्याच्या निम्मेच घ्यावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, तेही यातच धरावे.

२. अंगावर एक आणि पिशवीत एक, फार तर दोन, एवढे कपडे पुरतात. लवकर वाळणारे सुती पातळ कापड निवडावे. रात्री धुऊन वाळत घालण्याची सवय असेल, तर चार दिवसांचे आणि वीस दिवसांचे सामान सारखेच होते. पावसाळ्यात कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मगच पिशवीत ठेवावेत.

३. नवी पादत्राणे यात्रेत घालू नयेत. किमान पंधरा दिवस वापरून पायाला सवय झालेली असावीत. पायाला फोड आल्यास पिशवीतील कोणतीही वस्तू त्याची भरपाई करीत नाही.

४. नेहमीची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, जलसंजीवनीची दोन पाकिटे आणि चष्मा हे सर्व स्वतःजवळच्या लहान पिशवीत असावे, ट्रकमधल्या सामानात नव्हे. औषधे दोन-तीन दिवसांची अधिक घ्यावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापणाऱ्या वाहनात ठेवू नये. सामान कमी करताना औषध कमी करणे हा अपरिग्रह नव्हे, तो निष्काळजीपणा आहे.

५. स्वतःचे नाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, रक्तगट आणि असलेला आजार कागदावर लिहून खिशात ठेवावा. मोबाइलची बॅटरी गर्दीच्या दिवशीच संपते, कागद संपत नाही.

६. दागिने घरी ठेवावेत. देव आपल्या गळ्यातील सोने पाहत नाही, चोर मात्र पाहतो. पैसे एकाच ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी विभागून ठेवावेत.

७. एक स्टीलचे ताट आणि एक पेला अवश्य बरोबर घ्यावा. वजन थोडे वाढेल. परंतु महाप्रसादानंतर साठणाऱ्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले कमी होतील. शिदोरी म्हणून शेंगदाणे-गूळ, दशमी असे टिकणारे पदार्थ एका दिवसापुरते घ्यावेत.

घेऊ की नको, असा संशय ज्या वस्तूविषयी वाटतो, ती बहुतेक वेळा घरीच ठेवण्याजोगी असते. यात्रेकरूंच्या विसरलेल्या वस्तू कार्यालयातील कपाटात जपून ठेवल्या जातात. दुसरा स्वेटर, जादा चपलांचा जोड, रिकामे डबे, न उघडलेल्या पिशव्या. त्यांची चौकशी करण्यास सहसा कोणी येत नाही. गळ्यातील माळ किंवा हरिपाठाचे पुस्तक त्या कपाटात क्वचितच सापडते. ज्याची गरज होती ते माणूस विसरत नाही.

हलके होणे म्हणजे फेकून देणे नव्हे

तीर्थात स्नान झाल्यावर जुने वस्त्र पाण्यात सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. त्याबरोबर निर्माल्य, तसबिरी, प्लास्टिकच्या पिशव्याही जातात. पाप धुऊन निघाले, अशी भावना त्यामागे असेल. परंतु ते वस्त्र काठच्या झुडपांत अडकते आणि पुढल्या गावच्या पाण्यात कुजते. तुकोबांनी नदीत सोडलेली कर्जखते दुसऱ्याला मोकळे करणारी होती. आपण सोडलेला कचरा मात्र देहूचे आणि आळंदीचे ओझे होतो. इंद्रायणीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आपणावर तर ही जबाबदारी अधिक आहे. जे नको असेल ते घरीच गरजूस द्यावे. निर्माल्य कलशात ठेवावे. नदीत केवळ स्वतः उतरावे.

परतताना

येताना पिशवीत थोडी जागा मोकळी असावी. प्रसाद, बुक्का, शेजाऱ्यांसाठी एखादी तुळशीची माळ, एवढे पुरे. १८५७ च्या धामधुमीत पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे अर्थार्जनासाठी उत्तरेकडे गेले होते. द्रव्य मिळाले, ते वाटेत लुटलेही गेले. घरी परतताना त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावरून आणली आणि त्या जलाने आईवडिलांना स्नान घातले. धनाच्या आशेने निघालेला तो प्रवासी शेवटी तीर्थ घेऊन घरी आला, ही हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे आपणास ठाऊक आहे. ते ओझे त्यांनी आईवडिलांसाठी वाहिले.

म्हणून भाविकहो, निघण्यापूर्वी पिशवीपुढे क्षणभर बसावे आणि स्वतःस दोनच प्रश्न विचारावेत. यातील कोणती वस्तू केवळ भीतीपोटी घेतली आहे? आणि यातील कोणती वस्तू दुसऱ्या कोणाला वाहावी लागणार आहे? या दोन्ही बाहेर काढून ठेवाव्यात. मोकळा झालेला हात मग वाटेत थकलेल्या एखाद्या आजीच्या पिशवीला लावता येईल. परमेश्वराच्या दारी पोहोचण्याआधीच यात्रा सफल होण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

आपणा सर्वांची यात्रा सुखरूप होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
कार्यालय चिटणीस